उत्सवाचा हिशेब आणि देवळाची तळी

महोत्सव पार पडला की दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या आवारात समितीचा सभासद सहसा फिरकत नाही. मी ज्या देवस्थानाचा महाजन आहे, तेथे गेल्या नाट्य-संगीत महोत्सवानंतरच्या सकाळी मी मुद्दाम गेलो. आदल्या रात्री ज्या थर्माकोलच्या महालात नायिकेने पदे गायिली, तो महाल अगरशाळेच्या पाठीमागे जळत होता आणि त्याचा काळा धूर थेट सभामंडपात शिरत होता. तळीत पाण्याच्या रिकाम्या बाटल्या तरंगत होत्या. ‘पर्यावरणपूरक सत्कार’ म्हणून पाहुण्यांना दिलेली रोपे, चकचकीत प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट, खुर्च्यांखाली पडली होती. महाद्वारावरचा फ्लेक्सचा फलक तेवढा जागच्या जागी होता. त्यावर लिहिले होते, ‘हरित कलोत्सव’!

वाचकहो, हळहळण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. आरोप करण्यासाठी लिहिला आहे. आणि आरोपींच्या यादीत पहिले नाव माझे आहे, कारण त्या महोत्सवाचे अंदाजपत्रक ज्या सभेने संमत केले, त्या सभेत मीही हात वर केला होता.

माझे म्हणणे इतकेच आहे की, उत्सव निसर्गाला पोषक आहे की मारक, हे भाषणाने ठरत नाही, सत्काराच्या रोपानेही ठरत नाही. ते अंदाजपत्रकाने आणि मंडपवाल्याशी केलेल्या करारनाम्याने ठरते. या दोन कागदांवर जे लिहिलेले नाही, ते घडणारही नाही.

कायद्याचे पाहा. सजावटीचा थर्माकोल, थर्माकोलच्या थाळ्या, प्लॅस्टिकचे पेले, चमचे आणि १०० मायक्रॉनहून पातळ पीव्हीसीचे फलक यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. म्हणजे आमचा तो महाल केवळ कुरूप नव्हता, बेकायदेशीरही होता. फलकाची तऱ्हा याहून नामी आहे. तो १०० मायक्रॉनहून जाड निघाला, म्हणून निर्दोष ठरला! पातळ प्लॅस्टिक टाकले तर गुन्हा आणि जाड टाकले तर कायद्याचे पालन, असा अर्थ आम्ही सोयीने लावतो. वकिलाला अशी पळवाट सापडली तर त्याचे अशील खूश होते. देवाला अशील समजण्याचे धाडस मात्र मला होत नाही.

‘आम्ही संस्कृती जपतो’ हे आमचे आवडते उत्तर. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ५१-क या कलमान्वये नागरिकांची मूलभूत कर्तव्ये सांगितली. त्यांत संस्कृतीचा वारसा जतन करण्याचे कर्तव्य आहे खरे. पण त्याच्या लगतच्याच खंडात वने, सरोवरे, नद्या यांचे रक्षण करण्याचे कर्तव्य आहे. पहिले वाचून पान उलटणाऱ्याने घटना वाचली असे म्हणता येणार नाही.

आणि ती संस्कृती तरी काय सांगते? म्हार्दोळच्या श्रीमहालसेच्या जायांच्या पूजेत शोभा आणतात ती जाईची फुले. माशेलला देवकीकृष्णाच्या देवळासमोर आषाढात चिखलकाला होतो. त्याचे साहित्य म्हणजे पावसाचे पाणी आणि मैदानातली माती. पूर्वज थोर पर्यावरणवादी होते, असा दावा मी करीत नाही. त्यांच्यापाशी प्लॅस्टिक नव्हते, इतकेच. पण माडाच्या चुडतांचा माटव, केळीचे पान, रंगवलेले पडदे एवढ्यावर रात्रभर नाटक उभे राहत होते आणि रंगत होते, ही गोष्ट तर खोटी नाही.

येथे एक आक्षेप हटकून येतो: ‘खाणींनी डोंगर पोखरले, त्यांना सोडून आमच्या चार दिवसांच्या उत्सवाच्या मागे का लागता?’ खाणींना कोणी सोडलेले नाही. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, ते नागरिक न्यायालयात गेले म्हणूनच. परंतु दुसऱ्याच्या डोंगरासाठी ज्याला न्याय मागायचा आहे, त्याने स्वतःच्या तळीत बाटल्या टाकून न्यायालयाची पायरी चढू नये. खाण बंद करणे माझ्या हाती नाही. महोत्सवाचा करारनामा माझ्या हाती आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. तो प्रामाणिक आहे, म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. कापडी फलकावर साल न छापता केवळ महोत्सवाचे नाव लिहिले, तर तो पुढच्या वर्षीही चालतो. रंगवलेले पडदे आणि बांबूची चौकट पहिल्या वर्षी महाग पडते, नंतर नाही. अगरशाळेत भांडी आहेत. ती घासण्याची मजुरी द्यावी लागेल, आणि ती गावातल्याच माणसाला मिळेल. तात्पुरती वीजजोडणी वेळेवर मागितली, तर जनित्र केवळ अडचणीपुरते ठेवता येते. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. सबंध रात्रीचा आकडा ज्याने त्याने मांडावा. पूर्वी प्रेक्षक पहाटे पायी घरी जात. आज प्रयोग मध्यरात्री संपतो आणि दोघांमागे एक मोटार धावते. कदंब महामंडळाकडे जादा गाडी मागावी किंवा शेवटच्या गाडीपूर्वी पडदा पाडावा. रसहानी होईल ती लांबलेल्या सत्कारांची, नाटकाची नव्हे.

राहता राहिला अंमल. त्यासाठी नवी समिती नको. १९३३ च्या देवस्थान नियमावलीने महाजनांची सभा, अंदाजपत्रक आणि जमाखर्च ही चौकट आपल्याला केव्हाच घालून दिली आहे. म्हणून येत्या सर्वसाधारण सभेत मी एक ठराव मांडणार आहे: मंडपवाला, वीजवाला आणि आचारी यांच्या करारनाम्यांत थर्माकोल व एकदा वापरून फेकण्याच्या वस्तू वर्ज्य असाव्यात, आणलेला माल परत नेऊन आवार व तळी स्वच्छ केल्यावाचून कोणाचाही शेवटचा हप्ता चुकता होऊ नये, आणि वार्षिक अहवालात जमाखर्चाशेजारीच जळालेले डिझेल लिटरांत व उरलेला कचरा किलोंत नोंदवावा.

प्रायोजक रागावतील, मंडपवाला कुरकुरेल, ‘वकिलाला काम नाही’ असेही कोणी म्हणेल. ठरावाला एक अनुमोदक लागतो. आपापल्या देवस्थानात आपण तो व्हावे, एवढीच महाजनबंधूंना विनंती.