कर्करोग बरा झाला, हृदयाचे काय?

पुणे-सोलापूर महामार्गावरील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत औषधांची रसायने तयार होतात. दौंड तालुक्यातील आमचे बांधव तेथे कंत्राटावर राबतात. मात्र त्यांच्याच घरात कर्करोग शिरला तर पुणे-मुंबई गाठावी लागते. केमोथेरपी संपली की माणूस गावी परततो. पुढे धाप लागते, पाय सुजतात. गावातला डॉक्टर अशक्तपणाची गोळी देतो. हृदय तपासायचे कोणाला सुचत नाही!

डॉक्सोरुबिसिन हे लाल औषध स्तनाच्या व रक्ताच्या कर्करोगावर गुणकारी आहे. परंतु ते हृदयाच्या पेशींनाही इजा करते आणि त्या पेशी सहसा नव्याने तयार होत नाहीत. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, एकूण मात्रा शरीराच्या दर चौरस मीटरला ४०० मिलिग्रॅम झाली तर सुमारे ५ टक्के रुग्णांचे हृदय निकामी होऊ लागते. ५५० झाली तर सुमारे २६ टक्के.

आता विज्ञान आणखी पुढे गेले आहे. पेशीत कोणते प्रथिन किती बनावे यावर लगाम ठेवणारे सूक्ष्म रेणू म्हणजे मायक्रोआरएनए. त्यांच्या शोधाबद्दल अँब्रॉस व रुव्हकुन यांना २०२४ चे नोबेल मिळाले. हृदयाच्या पेशींना इजा झाली की त्यांतील काही रेणू रक्तात उतरतात. त्यावरून धोका आधीच ओळखता येईल का, याचे संशोधन सुरू आहे. ही तपासणी अजून नेहमीच्या वापरात आलेली नाही, हे आम्ही प्रामाणिकपणे सांगतो. पण इको व ट्रोपोनिन या तपासण्या तर आजही आहेत! त्या तरी गरिबाच्या वाट्याला का येऊ नयेत?

ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली कामगाराचे आरोग्य हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या आरंभापासून किमान ४० वर्षे किंवा नोकरी सुटल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल तोवर जपण्याचा आदेश दिला. इजा उशिरा उघड होते, म्हणून नोंद दीर्घकाळ हवी, हे त्यामागचे तत्त्व. तेच तत्त्व केमोथेरपीच्या रुग्णाला का लागू नये?

आमची मागणी साधी आहे. जन आरोग्य योजनेतून केमोथेरपी घेणाऱ्या प्रत्येकाची हृदयतपासणी उपचारांआधी, उपचारांदरम्यान व नंतर बंधनकारक करा. औषधाचे नाव व एकूण मात्रा मराठीत लिहून रुग्णाच्या हाती द्या. बांधवांनो, तो कागद मागून घ्या, जपून ठेवा आणि धाप लागताच डॉक्टरांपुढे ठेवा. बाबासाहेबांनी संविधानातून हक्क दिले. ते मागितल्याशिवाय पदरात पडत नाहीत.