ओसरी दिली, घर दिले नाही!

शनिवार उजाडला की मुंबई-पुण्याच्या मोटारी लोणावळ्याकडे, अलिबागकडे, पाचगणीकडे आणि जोडून सुटी आली तर थेट गोव्याकडे धावू लागतात. तेथे उतरायला आता हॉटेलच हवे असे नाही. कोणाचा बंगला, कोणाच्या वाडीतले घर, कोणाच्या सदनिकेतल्या दोन खोल्या मोबाइलवर पाहून आणि तेथेच पैसे भरून दोन रात्रींपुरत्या मिळतात. ही सोय आम्हांला मुळीच त्याज्य वाटत नाही. मुले परदेशी स्थायिक झालेल्या वृद्ध दांपत्याला किंवा नारळी-पोफळीच्या उत्पन्नावर न भागणाऱ्या कुटुंबाला तिने चार पैसे मिळवून दिले आहेत. परंतु सोमवारी सकाळी ते घर कोणत्या अवस्थेत मालकाच्या हाती परत येते, हा प्रश्न विचारण्याची वेळ आता आली आहे. चौघांच्या नावावर घेतलेल्या घरात चौदा जण राहून जावेत, सिगारेटने गादी जळावी, मोरी तुंबावी, आणि रात्रभरच्या धिंगाण्याबद्दल शेजाऱ्यांची बोलणी मात्र यजमानाने खावीत, हा कोठला न्याय?

ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी, अशी ह्या शब्दाची जुनी फोड आहे. अशा अवचित आलेल्या, दमल्याभागल्या माणसाला देवासमान मानावे अशी आपली शिकवण. आजचा पाहुणा तिथी ठरवून, तास ठरवून आणि पैसे मोजून येतो. तेव्हा देवपणाचा मान त्याला मागता येणार नाही. पण तो मालकही होत नाही, हे त्याहून महत्त्वाचे! १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाने लायसन्स म्हणजे दुसऱ्याच्या जागेत काही करण्याची केवळ परवानगी, त्या जागेत कसलाही हितसंबंध नव्हे, असे स्पष्ट केले आहे. दोन रात्रींच्या पाहुण्याच्या पदरात सामान्यतः ह्याहून अधिक काही पडत नाही. ‘पैसे दिले आहेत, वाटेल तसे वागू’ ही भाषा म्हणूनच कायद्याला धरून नाही आणि सभ्यतेला तर नाहीच. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच रचलेली नाही.

हे दुखणे केवळ आपल्याकडचे नाही. ह्या धंद्यातली सर्वांत नावाजलेली एअरबीएनबी ही कंपनी २००८ साली सॅन फ्रान्सिस्कोत उभी राहिली. त्याच शहरात २०११ साली एका महिलेने आपले राहते घर ह्या कंपनीमार्फत दिले. परत येऊन पाहते तो कुलूपबंद कपाटाच्या दाराला भगदाड पडलेले, आजीचे दागिने आणि पारपत्र नाहीसे झालेले! गवगवा झाला तेव्हा कंपनीने ५० हजार डॉलरपर्यंतच्या भरपाईची हमी जाहीर केली व पुढच्या वर्षी ती १० लाखांवर नेली. नंतर ३१ ऑक्टोबर २०१९ ची रात्र आली. दम्याने आजारी नातेवाइकांना वणव्याच्या धुरापासून दूर ठेवायचे आहे, असे कारण सांगून कॅलिफोर्नियातल्या ओरिंडा गावी घेतलेल्या घरात शंभरावर माणसांची मेजवानी झाली, गोळीबार झाला आणि पाच जण प्राणास मुकले. ऑगस्ट २०२० मध्ये कंपनीने अशा मेजवान्यांवर जगभर बंदी घातली. २०२२ मध्ये ती कायम केली. घर लुटले गेल्यावर हमी आली आणि माणसे मेल्यावर नियम आला, असा हा क्रम आहे.

बरे, ही हमी तरी यजमानाच्या हाती सहज पडते काय? नुकसानीची मागणी पाहुणा गेल्यापासून १४ दिवसांत करावयाची, तिला छायाचित्रे व पावत्या जोडावयाच्या, आणि ती प्रथम जाते त्या पाहुण्याकडेच. अभिप्राय लिहिण्याची मुदतही १४ दिवसांचीच. म्हणजे फुटलेल्या काचेचे पैसे मागावेत तर चिडलेला पाहुणा घराची नालस्ती करण्यास मोकळा! सूडबुद्धीने लिहिलेला अभिप्राय काढून टाकण्याची तरतूद आहे; परंतु ती सूडबुद्धी होती हे पटवीत बसायचे यजमानाने. चांगल्या शेऱ्यांवर ज्याचे पोट अवलंबून आहे, तो दोन-चार हजारांचे नुकसान मुकाट्याने गिळतो आणि पाहुण्यालाही चांगलाच शेरा देऊन मोकळा होतो. तो शेरा वाचून पुढचा यजमान फसतो. व्यवहारामागे आपला हिस्सा घेणाऱ्या मध्यस्थाला ह्या मौनाची झळ लागत नाही.

यजमानांची बाजू घेताना त्यांचे दोषही झाकून चालणार नाही. पाहुण्यांवर पाळत ठेवण्यासाठी घरात कॅमेरे लावण्याची खोड इतकी वाढली, की ३० एप्रिल २०२४ पासून ह्याच कंपनीला घराच्या आत कॅमेरे ठेवण्यास सरसकट मनाई करावी लागली. घर जपण्याच्या नावाखाली पाहुण्याची जात, धर्म अथवा विवाह विचारणारे यजमान आहेत. ज्या घरात आपण एक रात्रही राहिलो नाही, अशा पाच-पाच सदनिका केवळ भाड्यासाठी घेणारेही आहेत. घरावर माया नसलेला मालक घरावर माया नसलेल्या पाहुण्यालाच बोलावतो, आणि मध्ये भरडला जातो तो शेजारी. ह्या करारावर त्याची सही नसते, भाड्यात त्याचा वाटा नसतो. झोपमोड मात्र त्याचीच.

परदेशी पाहुणा उतरला तर २४ तासांच्या आत सरकारला कळवावे लागते. गोव्यात पर्यटन व्यवसायाच्या नोंदणीचा कायदा १९८२ पासून आहे. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकास मज्जाव करणारे नियम २००० सालापासून आहेत. नियमांचा दुष्काळ नाही. ते शनिवारी रात्री बजावणारा कोणी नाही. म्हणून आमचे म्हणणे असे, की प्रत्येक भाड्याच्या घराची नोंद स्थानिक संस्थेकडे असावी आणि रात्रीही फोन उचलणाऱ्या जबाबदार माणसाचा क्रमांक शेजाऱ्यांकडे असावा. मध्यस्थ कंपनीने पाहुण्याची अनामत रक्कम आपल्याजवळ ठेवावी, आणि नुकसानीची मागणी निकालात निघेपर्यंत दोघांच्याही अभिप्रायांना हात लावू देऊ नये. एवढे झाले तरी भिऊन गप्प बसणारा यजमान बोलू लागेल.

आणि अखेरीस वाचकांनाही दोन शब्द. लोणावळ्यात पहाटे तीनपर्यंत गाणी वाजविणारी ही मंडळी कोठून परग्रहावरून येत नाहीत. ती आपल्याच घरची, शिकली-सवरलेली मुले आहेत. कधी कधी त्यांत आपणही असतो. स्वतःच्या दिवाणखान्यात चपला बाहेर काढून येणारा माणूस दुसऱ्याच्या दिवाणखान्यात ओल्या पायांनी गादीवर चढत असेल, तर त्याला नियम ठाऊक नाहीत असे कसे म्हणावे? ते त्याला पक्के ठाऊक आहेत. ते पाळण्याची गरज फक्त स्वतःच्या घरी आहे अशी त्याची समजूत आहे, आणि ती आपणच, आपापल्या घरांत, मोडून काढली पाहिजे.