सुरतेच्या शाळेत श्यामची आई

सुरतेचे नाव निघाले की मराठी मनाला १६६४ आणि १६७० ही दोन साले आठवतात. स्वराज्याच्या खजिन्यासाठी शिवछत्रपतींनी त्या श्रीमंत बंदरावर चाल केली, हा इतिहास आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. पुढच्या काळात त्याच सुरतेत हजारो मराठी माणसे भाकरीच्या शोधात गेली, हा इतिहास मात्र आपण फारसा सांगत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतली कुटुंबे तापीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या रेल्वेने उधन्याला उतरली. ती लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या वस्त्यांतून राहिली आणि यंत्रमागांवर व कापडबाजारात राबू लागली. त्यांच्या मुलांसाठी सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती मराठी शाळा चालवते. गुजराती, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी माध्यमांच्या शाळाही ही समिती चालवते. एका नगरपालिकेने सात भाषांतून मुलांना शिकवावे, ही गोष्ट मुंबईपुण्याच्या धुरिणांनीही लक्षात घ्यावी अशी आहे.

पण शाळेची पाटी मराठीत आहे एवढ्याने मुलाची मराठी होत नाही. हे मूल घरी अहिराणी बोलते, गल्लीत गुजराती बोलते, चित्रपटाची हिंदी त्याच्या कानांवर सतत पडत असते, आणि वर्गात त्याच्यापुढे प्रमाण मराठीचे पाठ्यपुस्तक येते. तीन-चार भाषा कानांवर पडणे हे दुर्दैव नव्हे, ते वैभवच आहे. अडचण एवढीच की पुस्तकातला शब्द त्याला पुस्तकाबाहेर कोठेच भेटत नाही. शिवाय शेजारच्या भाषा सख्ख्या बहिणी असल्या की त्या फसवतातही. मराठीत काल आणि उद्या हे दोन वेगळे दिवस आहेत, तर गुजरातीतले ‘काले’ मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही दिवसांना चालते. आपला माळ म्हणजे उघडे रान, सुरतेचा माळ म्हणजे इमारतीचा मजला. आपली चोपडी वाण्याच्या दुकानातली, तिकडची चोपडी म्हणजे साधे पुस्तक. ज्या मुलाच्या मनात हे अर्थ एकमेकांत मिसळले आहेत त्याला धड्याखालची शब्दार्थांची यादी पाठ करायला लावून काय साधणार? यादी परीक्षेपुरती टिकते आणि सुटीत विसरली जाते.

शब्द हा मुलाला प्रसंगातून भेटावा लागतो, आणि तोही एकदाच भेटून पुरत नाही. ज्या प्रसंगात तो आला त्याचे सुखदुःख मुलाच्या मनाला लागले की शब्द तेथे घर करतो. हे सत्य सांगायला परदेशी पंडितांची गरज नाही. गुजरातेतच गिजुभाई बधेका यांनी ते ‘दिवास्वप्न’ या छोट्या पुस्तकात सांगून ठेवले आहे. त्यातला शिक्षक चौथीच्या वर्गात येतो आणि पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून आधी गोष्ट सांगू लागतो. भावनगरात गिजुभाईंबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक मराठी होत्या. पुढे त्यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे, म्हणजे सुरत आणि मुंबई यांच्या मधल्या किनारपट्टीवर, बालशिक्षणाचे मोठे काम उभारले. अमेरिकेत इझाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली ग्रंथ लिहून असेच प्रतिपादले, की मुलांना गोष्ट वाचून दाखवावी, तिच्यातले मोजकेच उपयोगी शब्द निवडावेत आणि ते मुलांच्या बोलण्यात पुनःपुन्हा आणावेत. जे भावनगरात आणि कोसबाडात उमगले होते तेच निराळ्या वाटेने तिकडे पोहोचले, इतकेच.

मग सुरतेच्या मराठी शाळेत कोणते पुस्तक घ्यावे? आमच्या मते पहिला मान साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’चा आहे. गुरुजी जन्माने कोकणातल्या पालगडचे. पण त्यांची शिक्षकी खानदेशात, अमळनेरच्या शाळेत, १९२४ ते १९३० या वर्षांत झाली. म्हणजे सुरतेत गेलेल्या कुटुंबांच्या मूळ मुलखाचेच ते शिक्षक. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी हे पुस्तक लिहिले आणि १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. बेचाळीस रात्री सांगितलेल्या कथांची ही गुंफण आहे. आठवड्याला एक रात्र घेतली तर वर्षभराच्या शाळेत ती जवळजवळ संपते. मुलांना सांगण्यासाठी याहून सोयीची रचना शोधूनही सापडणार नाही.

उदाहरणार्थ ‘अळणी भाजी’ घ्या. आई भाजीत मीठ घालायला विसरते, वडील काही न बोलता ती खातात, आणि स्वतः जेवायला बसल्यावर आईला चूक कळून चुटपूट लागते. ही गोष्ट ऐकलेल्या मुलाला ‘अळणी’चा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. पण शिक्षकाने तेथे थांबू नये. दक्षिण गुजरातेत आषाढात मुली ‘अलूणां’ व्रत करतात आणि बिनमिठाचे खातात. शेजारच्या घरातले ते व्रत सुरतेच्या मुलाने पाहिलेले असते. अळणी आणि अलूणां हे दोन्ही शब्द संस्कृतातल्या ‘अलवण’ शब्दाची लेकरे आहेत, हे कळले की मुलाला जो आनंद होईल तो कोणत्याही शब्दार्थ-यादीत नाही. ‘पत्रावळ’ वाचताना गुजरातीतले पतराळुं आणि पडियो आठवावेत, द्रोण प्रत्यक्ष करून पाहावा. ‘मुकी फुले’ वाचताना मात्र सावध असावे. गुजरातीत ‘मूकी’ म्हणजे ठेवली. तेव्हा मुकी म्हणजे न बोलणारी, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. मुलाच्या वहीत तीन रकाने असावेत. एकात पुस्तकातला शब्द, दुसऱ्यात आईला विचारून आणलेला अहिराणी शब्द, तिसऱ्यात शेजाऱ्याकडून आणलेला गुजराती शब्द. अशा वहीने आईची बोली वर्गात मानाने येईल. ज्या मुलाच्या घरच्या शब्दाला शाळेत हसतात ते मूल पुढे बोलायचेच थांबते, हे शिक्षकांनी विसरू नये.

या निवडीवर आक्षेप येतील. शंभर वर्षांपूर्वीचे कोकणातले ब्राह्मण घर, तिथले सोवळेओवळे, तिथली संस्कृत स्तोत्रे यांचा मागावर राबणाऱ्याच्या मुलाशी काय संबंध, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. जे शब्द त्या घराबरोबर मागे पडले ते सांगून पुढे जावे, त्यांवर परीक्षा घेऊ नये. परंतु त्याच पुस्तकात ‘तेल आहे तर मीठ नाही’ हे प्रकरण आहे, कर्जाने पिचलेले घर आहे, दारात होणारी अप्रतिष्ठा आहे. ते कळायला लिंबायतच्या मुलाला भाष्याची गरज लागणार नाही. आणि आजच्या धावपळीची भाषा हवी असेल तर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहेच. फुरसुंगीचा तो उपद्व्यापी बनेश चौथी-पाचवीच्या मुलांना हसवीत हसवीत कितीतरी क्रियापदे शिकवून जाईल.

आता खर्चाचा प्रश्न. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले; कायद्याप्रमाणे साठ वर्षांनंतर, म्हणजे २०११ पासून, त्यांच्या लेखनावर कोणाचा स्वामित्वहक्क उरलेला नाही. तेव्हा सुरतेच्या समितीला किंवा गांधीनगरच्या पाठ्यपुस्तक मंडळाला ठसठशीत अक्षरांत, चित्रांसह, स्वस्त आवृत्ती काढता येईल. महाराष्ट्र शासनाने तिचा भार उचलावा, अशी आमची स्पष्ट मागणी आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा पेढे वाटले गेले. त्या दर्जाचा पहिला उपयोग परराज्यातल्या मराठी मुलाच्या हातात एक अख्खे पुस्तक देण्यासाठी व्हावा. शाळेने मात्र रोज अर्धा तास मोकळा ठेवावा, आणि शिक्षकाला त्या वेळी दुसऱ्या कोणत्याही सरकारी कामाला जुंपू नये.

गुजरात विधानसभेने २०२३ साली आठवीपर्यंत गुजराती सक्तीची करणारा कायदा संमत केला. त्याबद्दल आम्ही कुरकुर करणार नाही. ज्या भूमीचे अन्न खावे तिची भाषा शिकावी, हाच साने गुरुजींच्या आंतरभारतीचा अर्थ होता. पण दुसरी भाषा भक्कम पायावर चढते. तिसरी-चौथीत ज्याचा शब्दसंग्रह तोकडा राहिला त्याला सातवीचे विज्ञान आणि भूगोल कोणत्याच भाषेत उलगडत नाहीत, आणि असे मूल शाळा सोडून बापाच्या शेजारच्या मागावर जाऊन उभे राहते. पणाला लागलेले आहे ते हे.

आम्हां गोमंतकीयांना हे परके वाटू नये. घरात आवय, नुस्तें आणि शीत, आणि पुस्तकात आई, मासळी आणि भात, अशी दोन भाषांची ये-जा करीतच आमच्या पिढ्या शिकल्या. पोर्तुगीज राजवटीत देवळांच्या अग्रशाळांतून आणि कोणाच्या तरी ओसरीवर भरलेल्या शाळांतून मराठी टिकली, ती पुस्तके हातोहात फिरली म्हणून. १९६१ च्या मुक्तीनंतर गावोगाव मराठी शाळा निघाल्या. पुढे त्यांतल्या कित्येक पटसंख्येअभावी बंद पडल्या. उरलेल्या शाळांतल्या शिक्षकांनी सुरतेसाठी सुचविलेला हा उपाय आधी आपल्या वर्गात करून पाहावा. कोकणी शब्दासाठी वहीत एक रकाना आखला की झाले. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील. पहिल्या दिवशी हजेरी झाल्यावर फळ्यावर शब्दार्थ लिहिण्याऐवजी शिक्षकाने पुस्तक उघडावे आणि पहिली रात्र वाचायला घ्यावी.