नॉयरचा रीमेक म्हणजे चोरी? साफ चूक!

जुन्या नॉयर सिनेमांचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं असतं. "ओरिजिनल ते ओरिजिनल, रीमेक म्हणजे चोरी." बाकी सिनेमांचं माहीत नाही, पण नॉयरच्या बाबतीत मला हे साफ नामंजूर आहे.

मुळात यातलं ओरिजिनल कोणतं हो? जेम्स एम. केनची 'द पोस्टमन ऑलवेज रिंग्ज ट्वाइस' ही कादंबरी घ्या (१९३४). रस्त्याकडेचं खानावळवजा हॉटेल, वयस्कर मालक, त्याची तरुण बायको आणि कुठून तरी आलेला एक भटक्या. दोघं मिळून नवऱ्याचा काटा काढतात. यावर हॉलिवूडचा गाजलेला सिनेमा आला १९४६ मध्ये. पण त्याआधी १९३९ मध्ये फ्रान्समध्ये एक झाला होता आणि १९४३ मध्ये इटलीत व्हिस्कोंतीचा 'ओसेसिओने'. म्हणजे आपण ज्याला ओरिजिनल म्हणून ओवाळतो तो चक्क तिसरा! :)

व्हिस्कोंतीने तर हक्कसुद्धा घेतले नव्हते. कायद्याने चोरीच. पण त्याने गोष्ट उचलून पो नदीच्या काठी नेली आणि त्यात मुसोलिनीच्या काळातली गरिबी, धूळ, कोंडलेली माणसं आणली. इटालियन नववास्तववादाची सुरुवात बरेच जण तिथून मोजतात.

आता उलट उदाहरण. १९८१ मध्ये हॉलिवूडने हाच 'पोस्टमन' पुन्हा काढला, जॅक निकल्सन आणि जेसिका लँगला घेऊन. काळ तोच, देश तोच. सेन्सॉरच्या कोडमुळे १९४६ मध्ये जे दाखवता आलं नव्हतं ते दाखवलं, बस्स. आपला 'जिस्म' (२००३) त्याच वाटेचा. 'बॉडी हीट'वरून (१९८१) घेतलेला, आणि तो स्वतः 'डबल इंडेम्निटी'च्या (१९४४) वळणाचा. पाँडिचेरीचा समुद्र झकास दिसतो, पण तिथली माणसं पोट कशावर भरतात हे काही लक्षात राहत नाही.

नॉयर म्हणजे सावल्या, हॅट आणि सिगारेटचा धूर नव्हे राव. नॉयर म्हणजे हिशेब. 'डबल इंडेम्निटी'चा नायक विमा कंपनीतला सेल्समन. ट्रेनमध्ये अपघात झाला तर ५० हजार डॉलरचे १ लाख होतात हे कलम त्याला पाठ. रोज तीच सिस्टीम राबवणारा माणूस तिच्यातच लूपहोल शोधतो. ऑफिसात बसून असा विचार कधीच केला नाही असं छातीवर हात ठेवून सांगा बघू! (खुनाचा नाही, लूपहोलचा.) म्हणून तो सिनेमा अजून झोंबतो.

आणि हिशेब देशागणिक बदलतो. म्हणूनच क्रिस्टियान पेटझोल्डचा 'येरिखोव' (२००८) मला ग्रेट वाटतो. तीच केनची गोष्ट, पण पूर्व जर्मनीतल्या ओसाड भागात. मालक तुर्की वंशाचा, स्नॅक बारची साखळी चालवणारा. बायको कर्जामुळे त्याला बांधलेली. तिसरा सैन्यातून काढून टाकलेला. कॉपी-पेस्ट नाही, नव्या मशीनवर नव्याने कंपाइल केलंय.

तेव्हा पुढचा रीमेक थिएटरात बघाल तेव्हा 'ओरिजिनलसारखा आहे का' हे विचारू नका. त्यात कोण कोणाचं किती देणं लागतं, ते बघा. ते कळत नसेल तर खुशाल शिव्या घाला, मीही घालेन.