'दत्तक नामंजूर': लढाई न करता इंग्रजांनी सातारा कसा घेतला?

1818 मध्ये पेशवाई बुडाली, तरी साताऱ्याचं छोटं राज्य उरलं. ते छत्रपती प्रतापसिंह आणि त्यांच्या वारसांकडेच राहील, असं ईस्ट इंडिया कंपनीनं 1819 च्या तहात लिहून दिलं होतं.

मग राज्य गेलं कसं?

1839 मध्ये कटाचा आरोप ठेवून कंपनीनं प्रतापसिंहांना हटवलं, भाऊ शहाजींना गादीवर बसवलं. एप्रिल 1848 मध्ये शहाजी वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी मुलगा दत्तक घेतला होता. हिंदू शास्त्रानुसार तो वारसच. पण कंपनीच्या संमतीशिवाय दत्तकाला राज्य नाही, अशी भूमिका गव्हर्नर जनरल डलहौसीनं घेतली. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांचा विरोधही डावलला गेला.

सातारा खालसा झाला. 1854 मध्ये झाशी आणि नागपूरही याच वाटेनं गेले.

तह तोच राहिला, फक्त 'वारस' कोण हे कंपनीनं ठरवलं.