खाटेला बांधलेले हात

वृद्धाश्रमांची चर्चा आपल्याकडे निघाली म्हणजे ती मुलांच्या कृतघ्नतेपाशी सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. अकोला-अमरावतीकडची शिकलीसवरली मुले पुण्या-मुंबईस, कित्येक तर परदेशी गेली. मागे राहिलेल्या एकट्या आईला शेवटी अशा संस्थेत ठेवावे लागले, तर त्यात दर वेळी पापच असते असे आम्ही मानीत नाही. पण त्या आईजवळ रात्र जागणाऱ्या परिचारिकेवर आपण कोणता भार टाकतो, याचा विचार कोणी करीत नाही.

स्मृती हरपत चाललेल्या आजी रात्रीतून चारदा उठतात. पडल्या तर खुब्याचे हाड मोडेल. मग त्यांचे मनगट खाटेच्या कठड्याला बांधावे काय? गोळी थुंकून टाकणाऱ्या आजोबांना ती वरणभातात कालवून, न सांगता द्यावी काय? "माझा बाळ कधी येणार?" असे रोज विचारणाऱ्या माउलीला, बाळाने दोन दिवाळ्या तोंड दाखविलेले नसताना, "रविवारी" असे सांगावे काय?

तिसऱ्या प्रश्नात आम्ही परिचारिकेला दोष देणार नाही. विसरभोळ्या जिवाला तेच दुःख रोज नव्याने ऐकविण्यात सत्याची कसली थोरवी? गोळीचे मात्र तसे नाही. ज्याची बुद्धी शाबूत आहे, त्याला औषध नाकारण्याचा अधिकार आहे. मुलाने दूरध्वनीवरून "कसेही करून द्या" म्हटल्याने तो नष्ट होत नाही.

राहिला बांधण्याचा प्रश्न, आणि तोच सर्वांत बिकट. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णालयांना स्पष्ट बजावले आहे की, केवळ नोकरवर्ग अपुरा आहे या कारणास्तव रुग्णाला बांधून ठेवता येणार नाही. वृद्धाश्रमात परिचारिका हात बांधते ती नेमकी याच कारणाने! साऱ्या दालनाला ती एकटी असते; एका आजींना न्हाणीघराकडे नेताना दुसऱ्या पडल्या, तर जाब तिलाच विचारला जातो. (पुष्कळ ठिकाणी 'सिस्टर' म्हणून हाक मारली जाते ती बाई प्रशिक्षित परिचारिकाही नसते, हे निराळेच.) ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ साली झालेल्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांकरिता किमान १५० जणांची सोय होईल अशा आश्रमाची कल्पना मांडली, त्यांच्या उशाशी रात्री किती माणसे असावीत, याविषयी तो कायदा मुका आहे. अशा संस्थांना किमान दर्जा लावू पाहणारे २०१९ चे दुरुस्ती विधेयक लोकसभेच्या मुदतीबरोबर बारगळले.

परिचारिकेच्या शब्दाला किती वजन असू शकते, हे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाने दाखविले आहे. १९७३ साली अत्याचाराला बळी पडलेल्या अरुणा शानबाग या परिचारिकेची शुश्रूषा तेथील परिचारिकांनी २०१५ पर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ केली. तिच्या दयामरणाची याचिका आली तेव्हा, २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार याचिकाकर्तीकडे न देता रुग्णालयाच्या सेवकवर्गाकडे असल्याचे मानले. ते रुग्णालय होते, वृद्धाश्रम नव्हे, हे आम्ही जाणतो. पण ज्यांनी अंथरूण बदलले त्यांना मत असते, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच लागू आहे.

म्हणून वऱ्हाडातील संस्थाचालकांना आमचे सांगणे असे: रात्रपाळीस एकटी परिचारिका ठेवू नका. हात बांधण्याची वेळ आलीच, तर कोणाच्या आज्ञेने, कशासाठी आणि किती वेळ बांधले याची नोंद करण्यास एक वही ठेवा, आणि ती आप्तांना पाहू द्या. "हे मी करणार नाही" असे म्हणणाऱ्या परिचारिकेची नोकरी जाता कामा नये. आणि महिन्याचे पैसे धाडणाऱ्या मुलांनी भजनाची सोय आहे की नाही हे विचारण्याआधी रात्री तेथे किती जणी जाग्या असतात ते विचारावे. त्या वाढल्या तर महिन्याची रक्कमही वाढेल, हे मात्र त्यांनी धरून चालावे.