मले, तुले आणि मॅक्सीन मावशी

परदेशातून येऊन मराठी शिकलेल्या माणसांचं आपल्याला भारी कौतुक. एखादी गोरी बाई स्टेजवर 'नमस्कार, कशे आहात?' म्हणाली की आपण खल्लास! व्याकरण चुकलं, 'ळ' घसरला, तरी टाळ्या. आणि खामगावहून पुण्यात आलेला एखादा इंजिनिअर कॅन्टीनमध्ये 'थांब, मी येऊन राह्यलो' म्हणाला, की अख्ख्या टेबलावर हशा. मी चिखलीची, म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातली. त्यामुळे हा हशा मला ओळखीचा आहे. 'मले'चं 'मला' करायला मला कॉलेजचं एक सेमिस्टर पुरलं. आता फोनवर आई आली की 'मले', फोन ठेवला की 'मला'. स्विच इतका गुळगुळीत झालाय की आवाजही येत नाही.

आज ज्यांच्याबद्दल लिहायचंय त्या बाई मात्र टाळ्या घेऊन परत गेल्या नाहीत. डॉ. मॅक्सीन बर्नसन. जन्म अमेरिकेत, १९३५ सालचा. १९६१ मध्ये त्या हैदराबादला आल्या त्या कॉलेजात इंग्रजी शिकवायला. मग १९६६ च्या सुमारास पीएच.डी.च्या अभ्यासासाठी सातारा जिल्ह्यातल्या फलटणला. विषय काय, तर फलटणची बोली. गावात कोण कसं बोलतं, कुठल्या घरात कुठला शब्द, कुठला उच्चार, याचा हिशोब. १९७३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. अभ्यास संपला की संशोधक सामान बांधतो. या बाईंनी १९७८ मध्ये भारताचं नागरिकत्व घेतलं आणि फलटण हेच घर केलं. गावासाठी त्या 'मॅक्सीन मावशी' झाल्या.

त्या काळात अमेरिकेत हे शास्त्र नवं नवं होतं. विल्यम लबॉव या भाषातज्ज्ञाची गोष्ट मला फार आवडते. हे महाशय न्यूयॉर्कच्या तीन डिपार्टमेंट स्टोअर्समध्ये गेले. एक महागडं, एक मधलं, एक स्वस्तातलं. प्रत्येक ठिकाणी सेल्सगर्लला मुद्दाम असा पत्ता विचारायचा की उत्तर 'फोर्थ फ्लोअर' यावं. महागड्या दुकानात 'र' जास्त ऐकू यायचा, स्वस्त दुकानात गळायचा. म्हणजे मॉलमधल्या काउंटरवर उभी असलेली मुलगीसुद्धा गिऱ्हाइकाच्या पाकिटाप्रमाणे उच्चार करते! लबॉवचं पुस्तक १९६६ चं. आपल्याकडे 'पानी' म्हणणारा आणि 'पाणी' म्हणणारा यांच्यात नेमकं काय चालतं, ते ओळखायला पुस्तकाची गरज नाही. आपल्याला ते पहिलीच्या वर्गात कळतं.

मॅक्सीन मावशींचं काम तिथूनच पुढे गेलं. फलटणच्या मंगळवार पेठेतल्या दलित वस्तीतली मुलं शाळेत नाव असूनही वाचू शकत नव्हती. त्यांनी या मुलांसाठी वर्ग सुरू केले. त्यातूनच पुढे प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली आणि १९८६ मध्ये 'कमला निंबकर बालभवन' ही मराठी माध्यमाची शाळा.

आपण सगळे कसे वाचायला शिकलो आठवतंय? अ अननसाचा, आ आईचा. आधी सगळी मुळाक्षरं, मग बाराखडी, मग जोडाक्षरं, आणि अर्थ सगळ्यात शेवटी. घरात पुस्तकं असलेलं पोर यातून तरून जातं, कारण वाचण्यात मजा असते हे त्याला आधीच ठाऊक असतं. ज्या घरात कागद म्हणजे रेशनकार्ड आणि लाइटबिल, तिथल्या पोराला 'ञ'पर्यंत चालत जाण्याचं कारणच दिसत नाही. मावशींच्या पद्धतीत अक्षरांचे छोटे छोटे गट केलेले. गट शिकला की लगेच त्यातून शब्द, शब्दांतून वाक्य. समजा क, म, ल, र ही चार अक्षरं आणि एक काना घेतला, तरी काका, मामा, काम, माल, कार, मार, कमाल एवढं तयार होतं. पहिल्याच आठवड्यात मूल 'मामा काम कर' वाचतं. ते वाचून मूल हसतं, कारण त्याच्या घरी मामा खरंच काही करत नसतो. (असा मामा प्रत्येक घरात असतो, बाप्पा!)

शाळेच्या नावातली कमला निंबकर हीसुद्धा दूरदेशीचीच. मूळची एलिझाबेथ लंडी, अमेरिकेतल्या क्वेकर घरातली. विष्णु निंबकरांशी लग्न करून १९३० मध्ये भारतात आली, कमला झाली आणि १९५० मध्ये मुंबईत ऑक्युपेशनल थेरपी शिकवणारी देशातली पहिली शाळा काढली. तिचा मुलगा बी. व्ही. निंबकर शेतीसाठी फलटणला गेला. सून लेखिका जाई निंबकर, म्हणजे इरावती कर्व्यांची मुलगी. आणि या आजीच्या नावाची शाळा पुढे अनेक वर्षं सांभाळली ती नात डॉ. मंजिरी निंबकर यांनी. एका आजीचा जन्म अमेरिकेतला, दुसरीचा ब्रह्मदेशातला, आणि नात फलटणमध्ये मुलांना मराठी वाचायला लावतेय. अस्मितेचे बोर्ड रंगवणाऱ्यांनी एकदा हे कुटुंब बघून यावं. जाई निंबकर आणि मॅक्सीन मावशींनी मिळून मराठीचं संदर्भ-व्याकरणही लिहिलंय, १९७५ मध्ये, परदेशातून मराठी शिकायला येणाऱ्यांसाठी.

हे सगळं आता का आठवलं, तर दिवाळीनंतर बहिणीचा चिखलीहून फोन आला. भाची साडेतीन वर्षांची, नुकतीच प्लेग्रुपला जायला लागलीये. तिथल्या मॅडमनी पालकसभेत सांगितलं, घरी शुद्ध बोला, जमलं तर इंग्लिशच बोला, पण ते 'मले-तुले' बंद करा. बहीण आणि भाऊजी करतील काहीतरी. प्रश्न आईचा आहे. भाचीला दिवसभर आईच सांभाळते आणि आईला दुसरी भाषा येत नाही. बहीण म्हणाली, "आई आता तिच्यासंगं बोलतच नाही गं. चुकीन म्हणते. नुसती शेंगा सोलून देते."

मला त्या मॅडमचा राग आला, पण फार वेळ टिकला नाही. त्यांचाही पगार तुटपुंजा आणि पालकांना तर फाडफाड बोलणारी मुलंच हवी असतात. २०२० च्या शैक्षणिक धोरणात लहान वयात घरच्या भाषेतून शिकवा असं लिहिलंय. पण 'घरची भाषा' म्हणजे मराठी, असं वाचून आपण मोकळे होतो. चिखलीतल्या त्या घरातली भाषा 'मले'वाली आहे. साडेतीन वर्षांच्या मुलीला गोष्ट, भांडण, हट्ट, अंगाई, सगळं याच भाषेत मिळालंय, आणि वाचायला शिकण्यासाठी तिच्याजवळ भांडवल तेवढंच. तेच आजीसकट गप्प करून टाकलं, तर पुस्तकातलं वाक्य तिला कशाला जोडून समजणार? 'मला' ती शिकेलच, पाचवीपर्यंत आपोआप. मी नाही का शिकले?

न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर नावाच्या शिक्षिकेने माओरी मुलांना त्यांच्याच तोंडचे शब्द लिहून देऊन वाचायला शिकवलं होतं. तिचं 'टीचर' हे पुस्तक १९६३ चं. ते सांगून मी बहिणीला एक काम दिलं. रात्री पोरीला विचार, आज काय झालं. ती बोलेल ते जसंच्या तसं कागदावर मोठ्या अक्षरात लिही, खाली तिला चित्र काढू दे, आणि तो कागद आईकडून वाचून घे. आई चौथी शिकलीये, अक्षर लावून लावून वाचते, पण वाचते.

दोन दिवसांनी बहिणीने मोबाइलवर फोटो पाठवला. कागदावर लाल स्केचपेनने एक गोल आणि त्याला सहा पाय. वर वाक्य : 'आजीनं मले शेंगा देल्ल्या.'

खाली मेसेज होता. 'देल्ल्या'त ल किती, दोन की तीन? आई म्हणते दोन, मॅडमला विचारू का?

विचारू नको म्हटलं. आईचं बरोबर आहे.